अर्ध्या होडीचा पॉलिशर

मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. एरवी तुमची-माझी मैत्री असायचं काही कारण नाही. तुमच्यापैकी निम्म्यांनी मला फळीवर पडलेलं पाहिलं, तर "हा मिक्सर आहे का?" असंच विचाराल. मी मिक्सर नाही. मी पॉलिशर आहे, विजेवर फिरणारा, जुना आणि चिडका. मला एक दांडा आहे, एक लांब वायर आहे आणि तोंडाच्या जागी एक गोल तबकडी आहे. तबकडीवर मेंढीच्या लोकरीची टोपी चढवायची, बटण दाबायचं, की मी गरगर फिरतो. फिरायचो, असं म्हणायला हवं आता.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. एका बाईनं माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, एकानं झाकणाचे स्क्रू पिळले, आणखी एकानं बटण दाबून मी फिरतो का ते पाहिलं आणि "पुढचा" म्हणाला. एवढंच माझं कोडकौतुक झालं.

तिथून मी एका गॅरेजात गेलो आणि मोटारी चमकवू लागलो. मोटारीचे मालक यायचे, मोटारीच्या चकचकीत दारात स्वतःचं तोंड बघायचे, केस सारखे करायचे आणि मेकॅनिकला म्हणायचे, "वा, काय हात आहे तुमचा!" राबायचो मी आणि कौतुक त्याच्या हाताचं. मला तेव्हापासून माणसांचा राग आहे. तो अजून गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

गॅरेज बंद पडलं तेव्हा नदीवर होडी चालवणारा एक माणूस मला घेऊन आला. या काठाची माणसं त्या काठाला सोडायची आणि तिकडची इकडे आणायची, हा त्याचा धंदा. होडी लाकडाची होती. वर्षातून एकदा ती पाण्याबाहेर काढायची, मला टोपीऐवजी घासायचा कागद लावायचा आणि तिचं अंग घासून काढायचं. मग रोगण, आणि रोगण वाळलं की पुन्हा टोपी घालून पॉलिश. भुसा नाकातोंडात जायचा. पण खरं सांगायचं तर या एका माणसाबद्दल माझी तक्रार नाही. मालक काम झालं की माझी टोपी कोमट पाण्यात धुवायचे, पिळायचे आणि दोरीवर सावलीत टाकायचे. वायर करकचून आवळायचे नाहीत, सैल वेटोळं करायचे. पाठीवर थाप मारून "कामाला वाघ आहे हा" म्हणायचे. मला वाघ म्हणणारा तो पहिला माणूस आणि शेवटचाही.

त्यांचा एक शिरस्ता होता. होडी पुन्हा पाण्यात सोडायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी मालकीणबाईंनी आत पाय ठेवायचा, तोही अनवाणी, चपला हातात घेऊन. त्यांनी पुढच्या टोकापर्यंत चालत जाऊन बसायचं, मग बाकीच्यांनी चढायचं. मालक म्हणायचे, "घरचं माणूस आधी बसलेलं दिसलं की लोकांना भरवसा वाटतो." हा शिरस्ता नीट लक्षात ठेवा. मी पुन्हा सांगणार नाही.

पुढे मालक आजारी पडले आणि गेले. त्यांना दोन मुलं, एक थोरला आणि एक धाकटी. मालकांच्या आजारपणाची सगळी वर्षं होडी धाकटीनंच चालवली. थोरला शहरात फर्निचरच्या दुकानात विक्रीला होता, तो वडील गेल्यावर परत आला. धाकटी मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून परगावी गेली असताना त्यानं लाकडी होडी एका हॉटेलवाल्याला देऊन टाकली. हॉटेलवाल्यानं ती दारात उभी केली आणि तिच्या पोटात फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. धाकटीला परत येताना बसच्या खिडकीतून ते दिसलं.

"कुजली होती," थोरला म्हणाला. होडी कुजलेली होतीच. तिचा तळ मीच घासत होतो, मला माहीत आहे. पण बहिणीला विचारायला त्याला काय झालं होतं? त्या दिवसापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता. धाकटीनं तोंडात गुळणी धरली ती धरलीच, आणि थोरल्याचाही राग नाकाच्या शेंड्यावर, तो कशाला आधी बोलतोय?

मालकीणबाईंनी मग नवी होडी घ्यायला लावली, फायबरची, पांढरीशुभ्र. "होडी दोघांची," त्या म्हणाल्या. "चालवायची तर दोघांनी. नाहीतर तीही घाला त्या हॉटेलच्या दारात."

आता नव्या होडीला पॉलिश कशाला, असं तुम्ही विचाराल. विचारणारच, तुम्हाला काय माहीत असतं? फायबरची होडी साच्यातून काढतात. ती साच्याला चिकटू नये म्हणून आत तेलकट थर लावलेला असतो, तो होडीच्या अंगावर तसाच येतो. तो आधी साबणाच्या पाण्यानं आणि फडक्यानं पुसून काढायचा. मग पातळ पॉलिश लावून घोटायचं. मग मेण. मेण थोड्या थोड्या जागेत लावायचं, धुकट पांढरं दिसायला लागलं की मला फिरवून पुसून घ्यायचं. मला एका जागी धरून ठेवायचं नाही, नाहीतर डाग पडतो. आणि हे सगळं सावलीत करायचं, कारण उन्हात मेण सांडलेल्या पाकासारखं चिकटून बसतं. असं केलं म्हणजे शेवाळ धरत नाही आणि रंग उन्हानं उडत नाही.

काम सुरू व्हायच्या आधी थोरल्यानं खडूनं होडीच्या मधोमध रेघ ओढली, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, आतूनसुद्धा. उजवी बाजू त्याची, डावी तिची. तो चहा प्यायला गेला तेव्हा धाकटीनं टेप लावून मोजलं, रेघ पुसली आणि बोटभर उजवीकडे सरकवून पुन्हा ओढली. शिकलीसवरलेली, मोठी झालेली माणसं ही.

पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी डाव्या बाजूला सावली असायची आणि दुपारनंतर उजव्या. त्यामुळे दोघांना एका वेळी काम करावं लागत नसे. पण पॉलिशर एकच होता. दुपार झाली की धाकटी मला रेघेवर जमिनीवर ठेवायची आणि मागे सरायची. मग थोरला पुढे यायचा आणि उचलायचा. मी काय निखारा होतो का, हातातून हातात देता न यायला? मालकांच्या वाघाला त्यांच्या पोरांनी असं जमिनीवर ठेवलं.

आणि निरोप! ते सगळे मालकीणबाईंच्या मार्फत चालायचे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या शेडच्या दाराशी खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून भाजी निवडत बसायच्या.

"आई, त्याला सांग, टोपी वापरून झाली की धुवून ठेवायची असते. बाबा ठेवायचे."

"टोपी धुवून ठेव म्हणते," मालकीणबाई मान वर न करता म्हणायच्या.

"तिला सांग, ऐकू आलं."

"ऐकू आलं म्हणतो."

"ऐकू आलं तर मग धुतली का नाही, विचार."

"का रे नाही धुतलीस?"

"वेळ नव्हता म्हणून सांग."

"अरे, मी काय टेलिफोनची तार आहे का?" असं म्हणून मालकीणबाई भाजीचे देठ जरा जोरातच मोडायच्या. पण निरोप पोचवायच्या. त्यांना वाटायचं, निदान एवढं तरी चालू राहू दे. मला विचाराल तर तिथेच त्यांचं चुकलं. आईनं अशी लाडाची तार ओढून दिल्यावर पोरं कशाला तोंड उघडतील?

टोपी शेवटपर्यंत कोणी धुतली नाही. मेण लोकरीत घट्ट झालं, त्याच्या गाठी झाल्या आणि त्या गाठींनी होडीवर ओरखडे उठू लागले. तिनं मेणाचा एक हात दिला की तो दोन देणार. त्यानं दोन दिले की ती तिसरा. मधल्या मध्ये माझं पोट तापून वास यायला लागला. लोक बघायला यायचे आणि म्हणायचे, "काय चमकतेय हो! दोघं भावंडं किती मन लावून करतायत!" मन लावून म्हणे. मी दोघांच्याही मुठीत होतो. मला ठाऊक आहे त्या मुठी कशानं आवळलेल्या होत्या.

होडी पाण्यात सोडायचा दिवस जवळ आला तेव्हा मालकीणबाई दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेल्या. बहिणीला नात झाली होती. जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "आता दोन दिवस निरोप बंद. बघा बाबांनो, जमतंय का." बिचाऱ्या थट्टेनं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरल्याची उजवी बाजू करून झाली. करायला काही उरलं नव्हतं. तो थोडा वेळ होडीभोवती फिरला, डावी बाजू बघितली, ती आपल्यापेक्षा जास्त चमकतेय असं त्याला वाटलं. मग तो मला घेऊन होडीत चढला आणि गुडघे टेकून आतल्या जमिनीवर मेण लावायला लागला, रेघेच्या उजवीकडच्या जमिनीवर.

तुमच्यातल्या कोणाला कळलं असेल तर ठीक, नसेल तर ऐका. होडीच्या आतली जमीन मुद्दाम खरखरीत केलेली असते. तिच्यावर बारीक दाणे असतात, ओल्या पायांना धरायला काहीतरी हवं म्हणून. मेण बाहेरून लावतात. पायाखाली कोणी लावत नाही. पण हा फर्निचरच्या दुकानात मुरलेला. तिथे जे जे दिसतं ते चमकलं पाहिजे, म्हणजे गिऱ्हाईक थांबतं. त्यानं मला दाण्यांवरून फिरवलं, दाण्यांमधल्या फटी मेणानं भरल्या आणि वर पुन्हा एक हात दिला. मी फिरत होतो आणि मनातल्या मनात शिव्या घालत होतो. मला जीभ नाही, ही माझी जन्माची अडचण आहे.

पण जीभ असलेलं एक माणूस तिथे होतं. धाकटी उलट्या बादलीवर बसून आपली फडकी घड्या करून ठेवत होती. तिनं मान वर केली आणि तो काय करतोय ते पाहिलं. तिनं किती वर्षं होडी चालवली होती! तिला एका नजरेत कळलं. तिनं तोंड उघडलं. खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. तिनं तोंड मिटलं.

आणि मित्रांनो, त्यानंतर ती जरा हसली. ते मी पाहिलं आहे, म्हणून सांगतो. तिला वाटलं असणार, उद्या सगळ्यांदेखत पडेल तोंडावर, बरी अद्दल घडेल. एवढंच तिच्या मनात आलं. वडिलांचा शिरस्ता तिच्या मनात आला नाही. तिनं फडकी उचलली आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी होडी घाटाच्या उतारावर आणली. लाकडाच्या ओंडक्यांवर ती उभी केली, ढकललं की सरळ पाण्यात जाईल अशी. आदल्या दिवसाची धूळ जावी म्हणून आतून पाईपनं पाणी मारलं. रोजची माणसं जमली होती. पलीकडच्या शाळेच्या बाई होत्या, दूधवाला होता, टपाल नेणारा होता. शेवटचा हात मारायला म्हणून मला होडीतल्या बाकावर ठेवलेलं होतं. माझी विजेची जोडणी काढायचीही कोणाला शुद्ध नव्हती.

मालकीणबाई सकाळच्या बसनं उतरून थेट घाटावर आल्या. होडी बघून त्यांचे डोळे भरून आले. "तुमचे बाबा असते तर," एवढंच म्हणाल्या. शिडी उजवीकडे लावलेली होती, मालक नेहमी उजवीकडेच लावायचे. मालकीणबाईंनी चपला काढल्या आणि हातात घेतल्या. थोरला वर चढून पुढच्या बाकाला एका हातानं धरून उभा राहिला आणि दुसरा हात त्यानं आईपुढे केला. ऑपरेशनचा पाय आधी की साधा पाय आधी, असं पुटपुटत मालकीणबाई एक एक पायरी चढल्या. धाकटी खाली, डाव्या बाजूला उभी होती. आईच्या पायात चपला नाहीत हे तिला तेव्हा दिसलं.

तिनं तोंड उघडलं. पण इतक्या दिवसांची सवय लागलेल्या तोंडातून काय निघावं?

"आई, त्याला सांग, तिथं मेण..."

निरोप आला म्हटल्यावर मालकीणबाईंनी तो ऐकायला मान वळवली. मान तिकडे आणि पाय इकडे. साधा पाय ओल्या मेणावर पडला आणि सरळ पुढे गेला. थोरल्यानं त्यांना धरायला दोन्ही हात पुढे केले, तर त्याच्याही पायाखालची जमीन गेली. तो बाकावर आपटला. बाकावर मी होतो. मी होडीबाहेर फेकला गेलो, खाली काँक्रीटवर पडलो आणि माझा दांडा मोडला. पोटातून एक ठिणगी आली आणि मोटार बंद पडली.

खाली पडल्या पडल्या मी वर पाहिलं. धाकटी कशी चढली मला माहीत नाही. डावीकडून उडी मारून ती आत गेली, तिच्या बाजूच्या खरखरीत जमिनीवर पाय रोवले आणि पडणाऱ्या आईच्या खाली स्वतःला झोकून दिलं. मालकीणबाई तिच्या अंगावर पडल्या. धाकटीचा हात खाली सापडला, मनगटापाशी वाकडा झाला. शाळेच्या बाई किंचाळल्या. दूधवाल्यानं कॅन टाकून दिला.

मालकीणबाईंना कोपराला खरचटलं, बाकी काही झालं नाही. गुडघा वाचला. त्या होडीतच बसून राहिल्या. त्यांनी ओल्या जमिनीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"हे कोणी लावलं?"

"मी," थोरला म्हणाला.

त्या लेकीकडे वळल्या. "तू पाहिलं होतंस?"

धाकटी मनगट छातीशी धरून बसली होती. "हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू नव्हतीस ना," धाकटी म्हणाली.

"अगं, आज मी दोन दिवस नव्हते," मालकीणबाई म्हणाल्या. "उद्या मी नसेन तेव्हा काय करणार आहात?"

दूधवाल्यानं धाकटीला दवाखान्यात नेलं. मालकीणबाईंनी जाहीर केलं की आजपासून इकडचा एक शब्द तिकडे जाणार नाही, तिकडचा इकडे येणार नाही, आणि मेण निघाल्याशिवाय होडी हलणार नाही. मग त्या चपला घालून घरी गेल्या.

दाण्यांतलं मेण यंत्रानं निघत नाही. ते ब्रशनं, गरम साबणाच्या पाण्यानं आणि हातानंच काढावं लागतं. दुसऱ्या दिवशी थोरला होडीत गुडघ्यांवर बसून घासत होता. त्याच्या हातांना फोड आले होते. बरं झालं, असं मला वाटलं. मोडका दांडा घेऊन मी शेडच्या कोपऱ्यात पडलो होतो. धाकटी प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून आली आणि उलट्या बादलीवर बसली. दाराशी खुर्ची नव्हती. मालकीणबाईंनी ती घरी नेली होती.

थोरल्यानं एक तुकडा घासला, फडक्यानं पुसला आणि तो पुढे सरकला.

"तिथं राहिलंय," धाकटी म्हणाली.

ब्रश थांबला. त्यानं वर पाहिलं नाही. "कुठं?"

"तुझ्या गुडघ्याखाली."

त्यानं गुडघा सरकवला आणि पाहिलं. "दिसतंय मला," तो म्हणाला.

"दिसत होतं तर सोडलंस कशाला?"

"घासतोय ना! तूच ये मग घासायला!"

"एका हातानं येऊ?"

आणि मग जे भांडण जुंपलं ते संध्याकाळपर्यंत चाललं. हॉटेलच्या दारातली होडी निघाली, कुंड्या निघाल्या, दवाखान्यात बाबांपाशी कोण बसलं आणि कोण नाही, ते निघालं. थोरला रडला. धाकटी रडली नाही, तिनं फक्त बादलीला लाथ मारली. पण मेण सगळं निघालं. खडूची रेघही साबणाच्या पाण्यात वाहून गेली आणि ती पुन्हा कोणी ओढली नाही.

आता होडी रोज जाते. ती दोघं तिच्यात भांडतात, तोंडावर, मोठमोठ्यानं, आणि उतारू कंटाळतात. त्यांचं गोड झालं असं मी म्हणणार नाही. माझा तसल्या गोष्टींवर विश्वास नाही.

तर मित्रांनो, माझ्यासारखा एखादा तुमच्या घरी असेल तर वायर करकचून आवळू नका, टोपी मेणानं भरलेली ठेवू नका आणि काम झालं की जोडणी काढा. पायाखालच्या जागी मेण लावू नका. आणि कोणी लावताना दिसलं तर त्याच्याशी तुमचं बोलणं आहे की नाही ते नंतर बघा. आधी ओरडा. त्याचं नाव घेऊन ओरडा, दुसऱ्याच्या मार्फत नको. तुम्हाला जीभ आहे. मला नव्हती.

माझ्या पोटातली तार जळलेली आहे. मला कोणी दुरुस्त करणार नाही, तशी माझी अपेक्षाही नाही. आज सकाळी थोरला फळीवर काहीतरी शोधत होता. धाकटी दाराशी उभी होती.

"त्याची टोपी धू," ती म्हणाली.

"तो चालतोय कुठं आता?"

"तरी धू."

त्यानं मला फळीवरून उचललं. मग त्यानं टोपी सोडवली, कोमट पाणी आणलं आणि गाठी एक एक करून बोटांनी सोडवल्या. धाकटीनं चांगल्या हातानं दोरीचं एक टोक धरलं आणि टोपी सावलीत वाळत पडली. नीट पिळली मात्र नव्हती, अजून ठिबकते आहे.